घट्ट हाताची सुई

मार्च महिना आला की माझे कान तिखट होतात. परीक्षेच्या खोलीत तीसएक मुली ओळीने बसलेल्या असतात, बाहेर चिंचेचा पाला गळत असतो आणि आत तीस सुया चालू असतात. लोकांना वाटतं, क्रोशाचं विणकाम म्हणजे मुकाट्याचं काम. तसं मुळीच नाही. पोलादी सुईवरून लोकर घासत गेली की बारीक कुईकुई ऐकू येते. बांबूची सुई खसखसते. लढाई संपल्यापासून बाजारात ज्या रंगीत सेल्युलॉइडच्या सुया आल्या आहेत, त्या मात्र काही बोलत नाहीत. उन्हात राहिल्या की वाकतात, एवढंच. मी परीक्षक म्हणून बाकांमधून फिरते तेव्हा मुलींना वाटतं, बाई टाके बघतायत. टाके मी नंतर बघते. आधी आवाज ऐकते.

परवा अशीच एक कुईकुई ऐकून मी थांबले. निपाणीकडची मुलगी होती. ते मला तिच्या बोटांवरून कळलं. तंबाखूचा चीक दिवाळीनंतर हाताला चढतो तो उन्हाळा लागेपर्यंत उतरत नाही, आणि नखांच्या कडेला त्याची काळी रेघ राहते. ती रेघ माझ्याही बोटांना होती. मुलगी दात आवळून सुई ओढत होती, आणि लोकर जागची हलत नव्हती. दर दोन टाक्यांनी ती हात पदराला पुसत होती.

विणकाम शिकवायला लागून मला वीस वर्षं होत आली. दरवर्षी मुली विचारतात, "बाई, सुई कुठली घेऊ?" मी म्हणते, आधी हात दाखव. त्या हसतात. त्यांना वाटतं, बाई भविष्य सांगणार. सुई बाजारात बघून घ्यायची नसते, हात बघून घ्यायची असते, हे मला एका शिमग्याच्या दिवसांत कळलं, आणि ते कळायला मला जे काही तोंडात धरावं लागलं ते आठवून मी आजही चूळ भरते.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बोरगावात आमचं तंबाखूचं घर. लग्न होऊन दीड वर्षात कपाळ पुसून मी माहेरी परत आले होते. आई आधीच गेलेली, स्वयंपाकघर वैनीचं. त्या घरात माझे हाल होते असं नाही. कुणी टाकून बोलत नव्हतं. फक्त मागच्या सोप्यात माझा एक पाट होता, एक पोळपाट-लाटणं होतं, आणि त्यांच्यासमोर मी मरेपर्यंत बसणार हे सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. सणाच्या पोळ्या माझ्याकडे. उन्हाळ्यातले पापड माझ्याकडे. शेवटी मीच आप्पांना म्हटलं, मला बेळगावला ट्रेनिंगच्या वर्गात घाला, मी मास्तरीण होते. आप्पांनी आठ दिवस उत्तर दिलं नाही. मग थोरल्या अण्णानं अट घातली: एकच वर्ष. पास झाली तर नोकरी करू दे, नापास झाली तर परत यायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही. आप्पांनी ती अट तशीच राहू दिली.

मी बेळगावजवळ अनगोळात मावशीकडे राहायला आले. गणितात मी पुढे होते, कानडी-मराठी दोन्ही घरच्याच भाषा. अडलं ते विणकामात. लोकरीचा बाळाचा मोजा, दोन तासांत, परीक्षकांसमोर. त्यात नापास तर सगळ्यात नापास.

जोसेफबाई आम्हांला विणकाम शिकवायच्या. गोल चेहऱ्याच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं शहरी आणि नेमकं. मी विणलेला पहिला मोजा त्यांनी टेबलावर ठेवला. मोजा ताठ उभा राहिला. त्यांनी त्याला टिचकी मारली. तरी उभाच.

"ह्यात बाळाचा पाय घालणार आहात की शाई भरून ठेवणार आहात?" त्या म्हणाल्या.

वर्ग हसला. मीही हसले, कारण मोजा खरंच दौतीसारखा दिसत होता. मग त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा-सुलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं.

"घरी काय काम करता तुम्ही?"

"पापड लाटते."

"तेच. उडदाच्या पिठाला दाबल्याशिवाय ते पसरत नाही. तुमचा हात दाबायला शिकलाय, सोडायला शिकलेला नाही."

मग त्यांनी आम्हांला जे सांगितलं ते मी आजतागायत तसंच सांगते. सैल हाताला धरणारी सुई द्यावी, घट्ट हाताला सोडणारी. सैल हाताची मुलगी लाकडी सुईवर सुधारते, कारण लाकूड लोकरीला जरा अडवतं. घट्ट हाताच्या मुलीला लाकूड दिलं तर दोघं मिळून लोकरीचा गळा आवळतात. बारीक सुती दोऱ्याला पोलादच हवं, दोरा पीळदार असतो, पोलादावरून सुटतो. पण लोकर ही केसाळ, घामट हातात पोलाद चिकट होतं, आणि बेळगावच्या हवेत गंजतं ते वेगळंच. माझे दोन मोजे गंजाच्या पिवळ्या डागांनी गेले होते.

"थांबा," म्हणून बाईंनी आपल्या डब्यातून एक पांढरट, जुनी, वीतभर लांबीची सुई काढली. "माझ्या आईची आहे. परीक्षेपर्यंत ठेवा."

त्या सुईचं काय सांगू! हातात घेतली तेव्हाच ती ऊबदार लागली. लोकर तिच्यावरून आपण होऊन पुढे जायची. साखळी घालावी, मुका खांब घालावा, खांब घालावा, टाका मोठा व्हायचा आणि तसाच राहायचा. माझ्या हातानं पहिल्यांदा काहीतरी सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी मोजा टेबलावर आडवा पडला आणि जोसेफबाईंनी टाळी वाजवली. मी अनगोळापर्यंत जवळजवळ पळत आले.

ती सुई कशाची आहे हे मी विचारलंच नाही. मावशीनं विचारलं, मी म्हटलं, कसलं तरी पांढरं लाकूड असेल. मावशीनं हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "चंदनाची गं. जुन्या चंदनाचा वास जातोय." आम्ही दोघी समाधानी झालो. टाके मोजताना दोन्ही हात लोकरीत असायचे, म्हणून मी सुई दातांत धरायची. दिवसातून पन्नास वेळा तरी. असा महिना गेला.

एक दिवस दुपारी मी सुई आणि लोकर कट्ट्यावर ठेवून पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर शेजारच्या तुळसाकाकूंचं टिप्या नावाचं कुत्रं अंगणात बसलेलं, सुई दोन्ही पंज्यांत उभी धरून, डोळे मिटून चावत होतं. लोकरीला त्यानं तोंड लावलं नव्हतं. मी ओरडले. तुळसाकाकू धावत आल्या, कुत्र्याच्या तोंडातून सुई ओढली आणि बघून हसायला लागल्या.

"अगं, त्याची काय चूक? हाडूक हाय ह्ये!"

"काय हाय?"

"हाडूक. बैलाचं न्हायतर म्हशीचं. एवढं कळंना व्हय तुला? कुत्र्याला कळलं की!"

मावशी दारात उभी होती. तिच्या तोंडातून नुसतं "अय्यो" निघालं.

आता विचार करते तेव्हा मला रडण्यापेक्षा नवल जास्त वाटतं. ज्यांच्या घरात दिवस बुडायच्या आत जेवण उरकतं, पाणी गाळल्याशिवाय घशाखाली उतरत नाही, कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घरातल्या दोन शहाण्यासुरत्या बायकांना हाड ओळखता आलं नाही. आणि येणार तरी कसं? आयुष्यात कधी ताटात पाहिलंच नाही. जिथं मटण शिजतं अशा कुठल्याही घरातल्या पोरीनं ती सुई बघताच सांगितलं असतं. आमचं सोवळंच आम्हांला नडलं. त्या दिवशी मात्र मला हे काही सुचलं नाही. मी परसात जाऊन ओकले, आणि मग दिवसभर राखेनं दात घासत बसले.

बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन देवळातल्या, उपाध्यांनी फार ताणलं नाही. अजाणता झालंय, एक उपवास करा, एकशे आठ वेळा णमोकार म्हणा, झालं. मावशीनं धसका घेऊन विचारलं, मग लोकर तरी चालते का? ते म्हणाले, मेंढी कातरून घेतल्यावर चरायला जाते, रेशमाचा किडा जात नाही, तेव्हा लोकर चालेल. हा हिशेब मला फार पटला होता. पण मावशीचं समाधान झालं नाही. तिनं बोरगावला पत्र टाकलं: मुलीला घेऊन जावं, शहरात काय काय तोंडात जाईल सांगता येत नाही.

परीक्षेला बारा दिवस राहिले होते.

मी सुई राखेनं घासून जोसेफबाईंना परत केली. त्यांच्या आईच्या सुईवर टिप्याच्या दातांचे चार खड्डे पडले होते. मला वाटलं, बाई रागावतील. त्यांनी त्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "मला विचारायला हवं होतं. इतकी वर्षं तुमच्या लोकांत राहून माझ्या डोक्यात आलं नाही." मग त्यांनी डबा उपडा केला. हस्तिदंती सुई होती, ती तर प्रश्नच नाही. कासवाच्या पाठीची होती, तिच्याकडे मी बघितलंही नाही. लाकडाची घेतली, तिला लोकर चिकटून बसली. बुरुडाकडून बांबूची करून आणली, तिनं तंतू ओढून मोज्याला दाढी आणली. पोलाद पुन्हा हातात घेतलं, आणि मोजा पुन्हा उभा राहिला. मी मोज्याकडे बघत होते आणि मला मागच्या सोप्यातला पाट दिसत होता.

चौथ्या दिवशी निपाणीच्या सर्व्हिस मोटारीनं आप्पा आले. धोतराला तंबाखूची धूळ, हात काळे. मावशीनं पाणी दिलं आणि लगेच सुरू केलं, "दाजी, हिला घेऊन जावा. माझ्यानं ही जोखीम व्हायची न्हाय."

आप्पांनी मला विचारलं, "कुठाय ती सुई?"

"बाईंना परत दिली."

"आणून दाव."

मला वाटलं, खात्री करून घ्यायची असेल. मी तासाभरानं सुई रुमालात गुंडाळून आणली आणि त्यांच्या पुढ्यात उलगडली. मावशी उठून आत गेली. आप्पांनी ती सरळ हातात घेतली. मी दचकले तसे म्हणाले, "नांगराला काय कमी हाडं लागत्यात? खायाचं न्हाय, मारायाचं न्हाय. बघायाला काय हुतंय?"

आणि ते खरंच बघत बसले. बैल विकत घेताना बघत तसे. टोकाच्या आकड्यात नख घालून त्याची खोली पाहिली. अंगठा टेकायच्या जागी अंगठा टेकवला. गालावर फिरवली. मग मला म्हणाले, "ह्ये सरकतंय कशानं?"

"हाड गुळगुळीत असतंय म्हणून."

"आरसा बी गुळगुळीत असतोय. त्याच्यावर ओलं बोट ठेव, चिकटतंय. गुळगुळीतपणा न्हाय गं ह्यो." त्यांनी सुईचा वास घेतला. "किती वर्साची हाय?"

"बाईंच्या आईची."

"तेच म्हणतो मी. माणसाच्या हातचं त्याल पिलंय ह्यानं. लई वर्सं."

एवढं बोलून त्यांनी सुई मला परत दिली, दुपारचं जेवले आणि निघाले. घेऊन जातो म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. मावशीला फक्त "परीक्षेपतोर असू द्या" म्हणाले. मी रस्त्यापर्यंत पोचवायला गेले तर मागं वळूनही पाहिलं नाही. आमच्या आप्पांचा राग आणि विचार दोन्ही सारखेच दिसायचे. मी अंदाज केला की राग आहे.

परीक्षेच्या दोन दिवस आधी बोरगावचा एक वखारवाला बेळगावला आला, त्यानं धोतराच्या चिंधीत बांधलेलं काहीतरी मावशीकडे दिलं. चिंधीत सुई होती. काळसर, चकचकीत, आखूड. आकडा थोडा उथळ, पण कडा कुठं लागत नव्हती. सोबत खरवतीची दोन सुकी पानं होती, सुताराच्या घासकागदासारखी खरखरीत. खडबड लागली तर ह्यांनी घासून घे, असा त्याचा अर्थ. चिठ्ठी नव्हती.

लाकूड बघून माझं अवसान गळालं. लाकूड धरतं, हे मी शिकले होते. तरी साखळी घातली. लोकर सरकली. पुन्हा घातली, पुन्हा सरकली. दाबून बघितलं, मुद्दाम आवळून बघितलं, तरी टाका सुटून पुढे जायचा. मी तशीच जोसेफबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा पुसून सुई खिडकीजवळ धरली.

"लाकूडच आहे. मग असं कसं चालतं? कसलं लाकूड आहे हे?"

"ठाऊक नाही, बाई."

"वडिलांना विचारा. मला माहीत करून घ्यायचंय."

मलाही करून घ्यायचं होतं. शिसव म्हणावं तर रंग जास्त काळा. बाभूळ म्हणावी तर रेषा बारीक. परीक्षेच्या दिवशी मोज्याची टाच वळवताना माझ्या हाताला घाम फुटला, सुई तापली आणि तिला एक वास सुटला. अगदी पुसट. ओळखीचा होता, पण नाव सापडेना. त्या वासानं मला इतकी भूक लागली की टाके मोजताना मी दोनदा चुकले. पण सुई मी दातांत धरली नाही. तेवढं शिकले होते. मोजा वेळेत झाला, आणि परीक्षकबाईंनी उचलला तेव्हा त्यांच्या बोटांवर मऊ लोंबला.

परवाच्या त्या निपाणीच्या मुलीला मी हीच सुई दिली. सुई कुठली वापरावी याचा नियमात उल्लेख नाही, मी तीनदा वाचून खात्री केली आहे. तिची कुईकुई थांबली. पेपर संपल्यावर ती सुई परत करायला आली आणि म्हणाली, "बाई, लई भारी चालली. कसलं लाकूड ह्ये?"

तिला मी सांगितलं. मला ज्या दिवशी कळलं तो दिवस असा.

परीक्षा देऊन मी बोरगावला गेले. निकाल लागेपर्यंत दुसरीकडे कुठं जाणार? घरात पापडांचे दिवस होते. उडदाचं पीठ कुटून तयार, हिंग आणि पापडखार कालवलेला, गल्लीतल्या बायका जमलेल्या. मी हातपाय धुतले आणि न सांगता मागच्या सोप्यात जाऊन पाटावर बसले. पोळपाट होता. लाटणं नव्हतं.

"वैनी, माझं लाटणं?"

"मी बी तेच हुडकाया लागलीय आठ-धा दिवस झालं," वैनी म्हणाली. "सासूबाईंच्या हातचं लाटणं. पोरांनी कुठं टाकलं कुणाला ठावं. तू आल्यावर मला विचारशील म्हणून माझा जीव खालीवर."

पिठाचा वास सोप्यात भरला होता. तोच वास. मी उठले, पिशवीतून सुई काढली, आणि मुठीत धरून ऊब येऊ दिली. उडीद, हिंग, तेल. आईनं त्याच्यावर बारा-पंधरा वर्षं पापड लाटले होते, नंतर मी. आमच्या दोघींच्या तळव्यांचं तेल पिऊन काळं झालेलं ते लाटणं आप्पांनी मधोमध चिरलं होतं.

आप्पा पुढच्या सोप्यात तंबाखूची पानं निवडत बसले होते. मी त्यांच्यासमोर सुई धरली.

ते पानांवरची नजर न काढता म्हणाले, "दोन लाटणी हुती घरात. आता एकच हाय, आन ते तुझ्या वैनीचं. तुला हितं काम न्हाय आता."

मग एक पान बाजूला ठेवत म्हणाले, "पाव्हणी म्हणून येत जा."

निकाल लागायला अजून महिना होता.